डॉक्टर, किती सीटिंग लागतील?

दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेला माणूस तोंड उघडण्याआधी दोन प्रश्न विचारतो. दुखेल का, हा पहिला. आणि किती सीटिंग लागतील, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर झटकन मिळतं. दुसऱ्याला डॉक्टर जरा घुटमळतात, एक्स-रे काढल्यावर सांगतो म्हणतात, आणि तिथेच रुग्णाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते: काम मुद्दाम लांबवत तर नाहीत ना? अर्धा दिवस रजा टाकून आलेल्या माणसाला ही शंका येणं साहजिक आहे. पण दाताच्या कामाला लागणारा वेळ नीट उलगडून पाहिला, तर डॉक्टरांच्या हाताच्या वेगाचा त्यातला वाटा फार थोडा असल्याचं दिसतं. बराचसा वेळ ठरवतात ती औषधं, भरायचे मसाले, हिरडीच्या आणि हाडाच्या पेशी. त्यांना घाई करता येत नाही. उरलेला मोठा वाटा ठरतो तो आपण दवाखान्याची पायरी कधी चढलो त्यावर. आपल्या हातात असलेली गोष्ट तेवढीच आहे, आणि नेमकी तीच आपण सोडून देतो, असं मला वाटतं.

नुसत्या तपासणीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्या भेटीला जरा जास्त, कारण मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी हे सगळं विचारून घ्यावं लागतं. ही विचारपूस टाळून थेट तोंडात आरसा घालणारा डॉक्टर वेळ वाचवत नसतो, धोका पत्करत असतो. दात साफ करून घ्यायला, म्हणजे स्केलिंगला, साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. इथेच फरक पडायला सुरुवात होते. दातांवर साचणारा मऊ थर ब्रशने निघतो, पण तो राहून गेला की लाळेतले क्षार त्यात बसून काही दिवसांतच त्याचं दगडासारखं कीटण होतं. लाळेच्या ग्रंथी जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, ते सर्वांत जाड असतं. यंत्राचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि हे कीटण फोडून काढतं. वर्षभराचं कीटण अर्ध्या तासात निघेल. दहा वर्षांचं, त्यावर मिश्री नि तंबाखूचे डाग चढलेलं, एका बैठकीत निघेलच असं नाही. कीटण हिरडीखाली उतरलं असेल तर बधिर करून, बहुधा अर्धं तोंड आज आणि अर्धं नंतर, असं काम करावं लागतं. मग चार ते सहा आठवड्यांनी हिरडीची खोली पुन्हा मोजतात, कारण सुजलेल्या हिरडीला बसायला आणि दाताला पुन्हा बिलगायला तेवढे दिवस लागतात. स्केलिंग केलं की दात हलायला लागतात, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेला असतो, कीटणाने त्याला लिंपून धरलेलं असतं. लिंपण निघालं की सैलपणा जाणवतो, इतकंच.

वेळेचं गणित खरं कळतं ते एकाच दाढेचा प्रवास पाहिला की. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून अनेक आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि किडली तर किडली, पडणारच आहे, असं म्हणून सोडून देतात. ही दाढ कायमची असते, आणि तिच्या माथ्यावरच्या अरुंद खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. त्या खाचा पातळ लेप देऊन बुजवायला एका दाढेला काही मिनिटं लागतात, सुई लागत नाही, ड्रिलही लागत नाही. ही संधी हुकली आणि कीड लागली, पण ती बाहेरच्या कठीण आवरणातून नुकतीच आत शिरली असेल, तर दाढ भरायला अर्धा ते पाऊण तास. या अर्ध्या तासात काय चालतं? किडलेला भाग काढणं हे काम थोड्या मिनिटांचं. त्यानंतर आम्लाचा लेप पंधरा सेकंद, धुणं, सुकवणं, चिकटद्रव्याचा थर, आणि मग दाताच्या रंगाचा मसाला. नेहमीच्या पद्धतीत हा मसाला साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश सुमारे वीस सेकंद धरतात, कारण त्याहून जाड थराच्या तळापर्यंत प्रकाश पोचत नाही आणि तळ कच्चा राहतो. शिवाय सगळ्या वेळात लाळेचा थेंब आत येऊ द्यायचा नाही. खड्डा खोल असेल तर थर जास्त, वेळ जास्त. घाई करून एकाच लगद्यात भरलेली दाढ वरून छानच दिसते. ती काही महिन्यांनी कडेने गळायला लागते.

खोल कीड असली की बधिर करण्याचं इंजेक्शन येतं, आणि त्याच्यासोबत आणखी एक घड्याळ सुरू होतं. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असल्यामुळे तिथे दाताशेजारी टोचलेलं औषध दोन-तीन मिनिटांत मुरतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड घट्ट; तिथे जबड्याच्या मागच्या बाजूला मुख्य नसेजवळ औषध सोडावं लागतं आणि ओठ जड व्हायला पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. इंजेक्शन देऊन डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले की खुर्चीवरच्या माणसाला आपल्याला ताटकळत ठेवलं असं वाटतं, पण त्या मिनिटांत काम सुरू केलं तर दुखेल. दाताचा बधिरपणा साधारण तासभर टिकतो, ओठ-गाल मात्र दोन-चार तास बधिर राहतात. लहान मुलं त्या वेळात ओठ चावून घेतात, म्हणून घरी लक्ष ठेवावं लागतं. आता या गणितात गळू आलेल्या दाढेची भर घाला. पू झालेल्या जागी ऊतींची आम्लता वाढलेली असते, आणि आम्ल वातावरणात हे औषध नसेच्या आत नीट शिरू शकत नाही. चार-चार रात्री दाढ ठणकत असताना लवंगेचं तेल आणि वेदनाशामक गोळ्यांवर काढून सुजलेला गाल घेऊन येणाऱ्या माणसाची अपेक्षा असते की आजच्या आज सगळं संपावं. त्या दिवशी पू बाहेर पडायला वाट करून देता येते, सूज पसरत असेल तर प्रतिजैविकं देता येतात. मुख्य काम मात्र पुष्कळदा पुढच्या भेटीवर जातं. ही वाढलेली भेट डॉक्टरांनी वाढवलेली नसते.

आणि इथून आपण रूट कॅनॉलपाशी पोचतो. वेळेबद्दलची सगळ्यात जास्त गाऱ्हाणी याच कामाबद्दल असतात. पुढच्या दाताला बहुधा एकच मूळ आणि त्यात एकच नळी. पाऊण ते एक तासात ती साफ होऊ शकते. खालच्या दाढेत साधारण तीन नळ्या, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत एक चौथी नळी बऱ्याचदा दडलेली असते, तिचं तोंड शोधण्यातच पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात, आणि ती सापडली नाही तर पुढे कधीतरी दाढ पुन्हा दुखते. प्रत्येक नळीचं तोंड मिलिमीटरच्या अंशाइतकं. नळीची लांबी मोजायची, बारीक सुईसारख्या फाइल्स एकामागून एक घालून ती रुंद करायची, मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुवायची. हे द्रावण आतल्या मृत ऊती विरघळवतं आणि जंतू मारतं, पण त्याला तिथे मुरायला वेळ द्यावा लागतो. यंत्रावर चालणाऱ्या फाइल्समुळे नळी रुंद करायचं काम आता पूर्वीपेक्षा खूप लवकर होतं. धुण्याचं काम लवकर होत नाही, आणि रूट कॅनॉल टिकतं ते धुण्यावर. दाढेला म्हणून एक ते दीड तास लागतो, एकाच भेटीत किंवा दोन-तीन भेटींत मिळून. पू झालेला असेल तर नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून निदान आठवडाभर बंद करून ठेवण्याची पद्धत अजूनही अनेक डॉक्टर पाळतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: शेजाऱ्यांचं रूट कॅनॉल एका सीटिंगमध्ये झालं, मग माझ्याच दाढेला तीन कशाला? आक्षेप वाजवी आहे. एका बैठकीतलं रूट कॅनॉल आणि अनेक बैठकांतलं रूट कॅनॉल यांची तुलना करणाऱ्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेने एकत्र करून तपासल्या आहेत, आणि दाढ बरी होण्याच्या दृष्टीने दोन्हींत ठळक फरक आढळलेला नाही. म्हणजे एका बैठकीत काम उरकणारा डॉक्टर फसवत नाही आणि दोन-तीन बैठका घेणाराही फसवत नाही. शेजाऱ्यांचा दात पुढचा असेल, तुमची मागची दाढ असेल. त्यांची नस जिवंत असेल, तुमची पू होऊन मेलेली असेल. नळीतून पाणी-पू झिरपणं थांबत नसेल तर ती सुकवून भरताच येत नाही. भेटी किती, यावरून कामाचा दर्जा जोखू नये. भेटी का वाढल्या हे विचारावं, आणि ते समजेल अशा भाषेत सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. ते न सांगणाऱ्यांमुळेच ही शंका इतकी फोफावली आहे, हेही इथे मान्य करायला हवं.

रूट कॅनॉल झालं की दाढ ठणकायची थांबते आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण आतून पोखरलेली दाढ चावताना चिरू शकते, म्हणून तिच्यावर कॅप बसवतात. त्याला दोन भेटी: पहिलीत दाढ सगळ्या बाजूंनी घासून माप घेणं, पाऊण ते एक तास, मग लॅबमध्ये साधारण आठवडाभर, दुसऱ्या भेटीत कॅप बसवून चावा जुळवणं, अर्धा तास. माप घेण्याचा मसाला तोंडात चार-पाच मिनिटं हलू न देता धरावा लागतो, कारण घट्ट व्हायच्या आत काढला तर तो ताणला जातो आणि कॅप सैल येते. या मधल्या आठवड्याला तंत्रज्ञानाने खरोखर कात्री लावली आहे. झुरिकमध्ये १९८५ मध्ये संगणकावर चित्र घेऊन जागच्या जागी दाताचा भाग कोरून बसवण्याची पद्धत पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली, आणि आज आपल्या मोठ्या शहरांतल्या काही दवाखान्यांत सकाळी माप आणि दुपारी कॅप असं होऊ शकतं. एका दिवसात दात, अशा पाट्या पाहून मग लोक विचारतात की हे सगळंच एका दिवसात का होत नाही. यंत्राने लॅबचा वेळ वाचतो. शरीराचा वाचत नाही.

शरीराचा वेळ म्हणजे काय, ते दात काढल्यावर कळतं. नुसता काढायला वीस ते चाळीस मिनिटं पुरतात, त्यातही बधिर होण्याची वाट पाहणं धरलं आहे. आडवी रुतलेली अक्कलदाढ असेल तर हिरडी उघडून, हाड थोडं कोरून, दाढेचे तुकडे करून काढतात. पाऊण ते दीड तास, आणि आठवड्याने टाके काढायला पुन्हा यायचं. बाहेर आल्यावर तोंडात धरायला दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून ठेवायचा, चोवीस तास खळखळून चूळ भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, कारण खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हेच तिथलं मलम असतं. ती निघाली की दोन-तीन दिवसांनी खड्डा उघडा पडून असह्य ठणका लागतो आणि पुन्हा खुर्ची गाठावी लागते. दात काढून टाकला की विषय संपला, रूट कॅनॉलच्या भानगडीत कोण पडतो, असं म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो. शेजारच्या दाढा मोकळ्या जागेकडे कलायला लागतात, समोरची दाढ खाली उतरते. जागा भरायची तर इम्प्लांटचा पर्याय येतो. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढता येईना, हाड तिला धरून बसलं होतं. त्या निरीक्षणातून १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले. एक स्क्रू बसवायला आजही तासाभरापेक्षा जास्त वेळ क्वचितच लागतो. हाडाने त्याला धरायला मात्र रूढ पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिन्यांपर्यंत थांबतात. निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात बसवता येतो, पण स्क्रूभोवती हाड जमण्याचा काळ त्यामुळे कमी होत नाही. तारा लावण्याचंही तसंच आहे. दर भेटीला पंधरा-वीस मिनिटं आणि एकूण साधारण दीड-दोन वर्षं, कारण दात महिन्याला जवळपास एक मिलिमीटर सरकतो: एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. तार जास्त आवळली तर तिथला रक्तपुरवठा दाबला जाऊन दात उलट अडून बसतो.

तर एकाच दाढेचा हिशेब असा होतो. लेप द्यायला काही मिनिटं, भरायला पाऊण तास, रूट कॅनॉल आणि कॅपला मिळून तीन ते पाच भेटी, काढून इम्प्लांट करायला पाच-सहा महिने. दाढ तीच, डॉक्टरही तोच असू शकतो. महाराष्ट्रात तर या यादीला आणखी एक दुखणं जोडावं लागतं. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षं चघळल्याने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. एरवी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. या रुग्णांना एक-दोनच कशीबशी. मागच्या दाढेपर्यंत उपकरण पोचवणंच अवघड, म्हणजे अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. हा ताठरपणा कॅन्सरची पूर्वसूचना असू शकतो, त्यामुळे तोंड कमी उघडतंय असं जाणवलं तर दात दुखत नसला तरी लगेच दाखवायला हवं.

आता सर्वांत खरा आक्षेप. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला पाच भेटी म्हणजे पाच दिवसांची मजुरी, आणि तालुक्याच्या गावाहून यायचं तर एसटीचं भाडं वेगळं. त्याला लवकर या असं सांगणं सोपं आहे, पण दुखत नसताना तो येईल कशाला? याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, मुंबईत आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खर्च फारच कमी येतो. पण तिथे शिकणारे विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक पायरी शिक्षकांनी तपासून मग पुढची सुरू होते. काम चोख होतं, वेळ जास्त जातो. म्हणजे पैशाची बचत होते ती मजुरीच्या दिवसांत निघून जाते. यावर दवाखान्यांना काही करता येईल: पहिल्याच भेटीत एकूण भेटी, प्रत्येकीचे तास आणि मधलं अंतर कागदावर लिहून देणं, लांबून येणाऱ्याचं एका बाजूचं सगळं काम एकाच लांब बैठकीत घेणं, आणि एका वेळेवर चार जणांना न बोलावणं. ठणका घेऊन अचानक आलेल्या रुग्णाला मध्ये घ्यावंच लागतं, ते कुणीही समजून घेईल. रोज संध्याकाळी दोन तास खोळंबा होत असेल तर मात्र तो नियोजनाचा दोष आहे.

एक वेळ मात्र कुणीही कमी करायला सांगू नये. एका रुग्णाची उपकरणं धुऊन, पिशवीत बंद करून, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर निदान पंधरा मिनिटं किंवा १३४ अंशांवर निदान तीन मिनिटं वाफवावी लागतात; तापणं आणि सुकणं धरून अर्धा-पाऊण तास. पुरेसे संच नसलेल्या छोट्या दवाखान्यात यामुळे थांबावं लागलं तर ते थांबणं तुमच्या भल्याचं आहे. उपकरणाची बंद पिशवी तुमच्यासमोर फोडली का, हे बघायला संकोच करू नका.

दर सहा महिन्यांनी तपासणी हवीच का, असंही विचारलं जातं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ मध्येच सांगितलं की हे अंतर माणसागणिक ठरवावं: धोका जास्त असेल तर तीन महिने, निरोगी मोठ्या माणसाला दोन वर्षांपर्यंत, मुलांना मात्र एका वर्षाच्या पुढे नको. मधुमेह असेल तर भेट सकाळची घ्या, नाश्ता आणि गोळी चुकवू नका; रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री ब्रश करताना टॉर्च घेऊन त्याच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे बघा. तिथे नवी दाढ वर आली असेल, तर याच महिन्यात तिला दाखवून आणा.